निवृत्तिवेतनाच्या हिशेबात न बसणारी मुले

महाराष्ट्रातील शाळांच्या दाखल्यांवर एक जून ही जन्मतारीख किती जणांच्या नावापुढे आढळते, हे कोणत्याही जुन्या मुख्याध्यापकास विचारावे. गावात जन्माची नोंद नाही, आईवडिलांना सण आठवतो पण तारीख आठवत नाही आणि शाळा तर जूनमध्ये उघडते. तेव्हा गुरुजींनी रजिस्टरात १ जून लिहून टाकली. महिन्याच्या पहिल्या तारखेस जन्मलेला कर्मचारी आदल्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी निवृत्त होतो. त्यामुळे दरसाल ३१ मे रोजी शाळांतून, तहसील कचेऱ्यांतून आणि जिल्हा परिषदांतून निरोपसमारंभांची रांग लागते. शाल-श्रीफळ दिले जाते, उर्वरित आयुष्य सुखासमाधानाचे जावो अशी सदिच्छा व्यक्त होते. आणि दुसऱ्याच दिवशी प्रवेशाचा हंगाम सुरू होतो. घरात नुकतीच बारावी झालेली मुलगी किंवा अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षातील मुलगा असेल, तर पगार थांबण्याचा महिना आणि फी भरण्याचा महिना एकच ठरतो.

अशी घरे पूर्वीही होती. पण ती अपवादात्मक समजली जात. आता ती तशी राहिलेली नाहीत आणि याचे कारण कोणाच्या वैयक्तिक बेफिकिरीत नव्हे, तर शासनाच्याच नियमांत शोधावे लागेल.

वयाचे गणित

निवृत्तिवेतनाचे नियम ज्या समाजासाठी घडले, त्या समाजात तरुण विशीत नोकरीस लागे, पाठोपाठ लग्न होई आणि निवृत्तीच्या सुमारास मुले आपापल्या मार्गास लागलेली असत. निवृत्त माणूस म्हणजे जबाबदाऱ्यांतून मोकळा झालेला माणूस, हे गृहीत तेव्हा बहुतांशी खरे होते. आज काय स्थिती आहे? २०१६ मध्ये राज्य शासनाने सेवाप्रवेशाची कमाल वयोमर्यादा खुल्या प्रवर्गासाठी ३८ आणि मागासवर्गीयांसाठी ४३ वर्षे केली. वर्षानुवर्षे स्पर्धा परीक्षा देणाऱ्या तरुणांची निकड पाहता हा निर्णय योग्यच होता. परंतु बहुसंख्य राज्य कर्मचाऱ्यांचे निवृत्तीचे वय ५८ च राहिले. पस्तिसाव्या वर्षी नोकरी लागलेल्या माणसाचे लग्न नोकरीनंतर झाले आणि पहिले मूल सदतिसाव्या व दुसरे एकेचाळिसाव्या वर्षी झाले असे धरले, तर त्याच्या निवृत्तीच्या दिवशी थोरले मूल एकवीस वर्षांचे आणि धाकटे सतरा वर्षांचे असते. एकाचे पदवीचे शिक्षण संपत आलेले, दुसऱ्याचे सुरूही व्हावयाचे असते.

शिक्षकांच्या बाबतीत या गणितात आणखी एक वजाबाकी आहे. शिक्षणसेवक म्हणून तीन वर्षे मानधनावर काढल्यावर खरी वेतनश्रेणी मिळते. विनाअनुदानित शाळांतून वर्षानुवर्षे अनुदानाची वाट पाहणाऱ्यांची कथा तर सर्वज्ञात आहे. उशिरा सुरू झालेल्या या संसारांना सेवेचा काळ अपुरा पडतो आणि शिक्षणाचा काळ मात्र लांबत जातो.

मरणानंतरची आठवण

या कुटुंबांबाबत नियम काय म्हणतात? केंद्र सरकारने १९६४ साली कुटुंब निवृत्तिवेतनाची योजना लागू केली. आजच्या केंद्रीय नियमांनुसार कर्मचारी आणि त्याचा जोडीदार हयात नसतील, तर मुलास पंचवीस वर्षे पूर्ण होईपर्यंत, किंवा त्याचे लग्न होईपर्यंत वा ते कमावते होईपर्यंत, कुटुंब निवृत्तिवेतन मिळते; अपंगत्वामुळे कमावू न शकणाऱ्या अपत्यास ते तहहयात मिळू शकते. १९८९ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने निवृत्तीनंतर झालेल्या विवाहातील पत्नी आणि निवृत्तीनंतर जन्मलेली मुले यांनाही या हक्कातून वगळता येणार नाही, असे ठरविले. हे सारे उदार आहे. मात्र त्यातील विसंगती डोळ्यांत भरते. वडील हयात नसतील तर मूल पंचविशीपर्यंत आश्रित असू शकते. वडील हयात असतील, तर ते निवृत्तीच्या दिवशीच स्वावलंबी झाले असे नियम धरून चालतो.

केंद्रीय कर्मचाऱ्यांना दोन अपत्यांपुरता, बारावीपर्यंत शैक्षणिक भत्ता मिळतो. सातव्या वेतन आयोगानंतर तो दरमहा २,२५० रुपये होता; १ जानेवारी २०२४ पासून २,८१२ रुपये ५० पैसे झाला. कर्मचारी निवृत्त झाला की ते शैक्षणिक वर्ष संपताच भत्ता बंद होतो. वास्तविक, ज्या दिवशी उत्पन्न निम्म्यावर येते, त्या दिवसापासूनच या भत्त्याची खरी गरज असते. विशेष म्हणजे केंद्राच्या आरोग्य योजनेत निवृत्ताच्या न कमावत्या मुलास पंचवीस वर्षांपर्यंत आश्रित मानले जाते. म्हणजे मुलगा आजारी पडला तर तो आश्रित, आणि महाविद्यालयात गेला तर नाही.

खाजगी क्षेत्रात चित्र अधिकच केविलवाणे आहे. १९९५ च्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेत मुलांसाठी विधवा निवृत्तिवेतनाच्या पंचवीस टक्के रक्कम, एका वेळी दोघांपुरती, पंचविशीपर्यंत मिळते. पण तीही सदस्याच्या मृत्यूनंतरच. २०१४ च्या सप्टेंबरात ठरलेल्या १५,००० रुपयांच्या वेतनमर्यादेनुसार हिशेब केला, तर पस्तीस वर्षे सेवा केलेल्या कामगारास दरमहा सुमारे ७,५०० रुपये मिळतात. या रकमेत म्हातारपण आणि मुलाचे शिक्षण दोन्ही कसे भागावे?

स्वतःचे म्हातारपण विकून

अशा कुटुंबांपुढे मग एकच मार्ग उरतो. जुन्या योजनेतील निवृत्तास मूळ निवृत्तिवेतनाच्या चाळीस टक्क्यांपर्यंतचा भाग अंशराशीकृत करून एकरकमी घेता येतो. तो भाग पंधरा वर्षांनी पूर्ववत होतो. अठ्ठावन्नाव्या वर्षी फीसाठी ही रक्कम उचलणारा माणूस त्र्याहत्तराव्या वर्षापर्यंत कमी निवृत्तिवेतनावर जगतो. औषधांचा खर्च ज्या वर्षांत चढत जातो, नेमकी तीच वर्षे त्याने मुलाच्या पदवीसाठी गहाण टाकलेली असतात. घरात याला त्याग म्हणतात. अर्थशास्त्राच्या भाषेत मात्र समाजाने करावयाची गुंतवणूक एका वृद्धाच्या औषधपाण्यातून वसूल करणे, असेच याचे वर्णन करावे लागेल. आईवडिलांच्या चरितार्थाचा २००७ चा कायदा मुलांवर जबाबदारी टाकतो. म्हातारपणी मुलांनी सांभाळावे ही अपेक्षा रास्त आहे. पण ती काठी आधी सरळ वाढली पाहिजे, याचा विचार त्या कायद्याच्या जोडीने झालेला नाही.

नव्या योजनेतील जुनी त्रुटी, वाढलेली

केंद्राने १ जानेवारी २००४ पासून आणि महाराष्ट्राने १ नोव्हेंबर २००५ पासून नव्या कर्मचाऱ्यांसाठी जुनी योजना बंद केली. तिच्या पुनःस्थापनेसाठी मार्च २०२३ मध्ये राज्यातील कर्मचाऱ्यांनी सात दिवसांचा संप केला. या असंतोषातून केंद्राची एकीकृत निवृत्तिवेतन योजना निघाली. ऑगस्ट २०२४ मध्ये ती जाहीर झाली, त्याच महिन्यात महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने तिला मान्यता दिली आणि केंद्रात ती १ एप्रिल २०२५ पासून अमलात आली. अखेरच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्मी रक्कम तीत हमखास मिळते. अट पंचवीस वर्षांच्या सेवेची आहे आणि सेवा कमी असेल तर रक्कम त्या प्रमाणात घटते. पस्तिसाव्या वर्षी सेवेत येऊन अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होणाऱ्याची सेवा तेवीस वर्षांची भरते. म्हणजे ज्याची मुले लहान, त्याचेच निवृत्तिवेतन अपुरे.

त्याहून गंभीर बाब कुटुंबाविषयीच्या कलमात आहे. निवृत्ताच्या मृत्यूनंतर त्याच्या रकमेच्या साठ टक्के रक्कम जोडीदारास मिळते, आणि तीही निवृत्तीच्या दिवशी जो कायदेशीर जोडीदार असेल त्यालाच. या कलमात मुलांचा उल्लेख नाही. सेवेत असताना मृत्यू आल्यास जुन्या नियमांचा लाभ घेण्याचा पर्याय आहे. परंतु निवृत्तीनंतर आई व वडील दोघेही गेले, तर शिकत असलेल्या किंवा अपंग अपत्यासाठी हमी उरत नाही. १९६४ पासून जे छत्र होते आणि १९८९ मध्ये न्यायालयाने जे रुंदावले, ते २०२५ मध्ये गाजावाजा न होता अरुंद झाले. निम्म्या वेतनाच्या हमीवर चर्चा करणाऱ्या संघटनांनी या कलमाकडे पुरेसे लक्ष दिले नाही, हे खेदाने म्हणावे लागते.

अमेरिकेचा धडा

भांडवलशाहीचे माहेरघर समजल्या जाणाऱ्या अमेरिकेने हा प्रश्न फार पूर्वी हाताळला. १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्यात प्रथम केवळ कामगाराचाच विचार होता. १९३९ च्या दुरुस्तीने त्यात कुटुंब आले. तेथे निवृत्त कामगाराच्या अठरा वर्षांखालील मुलास, आणि माध्यमिक शाळेत पूर्ण वेळ शिकत असल्यास एकोणीस वर्षांपर्यंत, पालकाच्या पूर्ण निवृत्तिवेतनाच्या निम्म्यापर्यंत रक्कम पालक हयात असतानाच मिळते. बाविशीच्या आत अपंगत्व आलेल्या अपत्यास पुढेही ती मिळू शकते. एका कुटुंबाची एकूण रक्कम साधारणपणे अनिर्बंध नसून, पालकाच्या पूर्ण निवृत्तिवेतनाच्या दीडपट ते एक पूर्णांक आठ दशांश पट या मर्यादेत ठेवलेली आहे. ही मर्यादा लागू करताना कात्री कुटुंबीयांच्या वाट्यास लागते, कामगाराच्या नव्हे.

या व्यवस्थेचा इतिहास सरळ नाही. १९६५ मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना बाविशीपर्यंत हा लाभ देण्यात आला आणि १९८१ च्या कायद्याने, रेगन यांच्या काटकसरीच्या धोरणात, तो टप्प्याटप्प्याने काढून घेण्यात आला. निःसंतान कामगारानेही तेवढाच कर भरून इतरांच्या मुलांचा भार का उचलावा, हा आक्षेपही तेथे घेतला जातो. तरीही शालेय वयाच्या मुलांचा हक्क आजतागायत टिकून आहे. सवलत मर्यादित व स्पष्ट असेल तर ती टिकते, आणि सैल असेल तर पहिल्या काटकसरीत जाते, हा त्यातील धडा होय.

काय करता येईल?

येथे एक आक्षेप प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. देशातील बहुसंख्य श्रमिकांना निवृत्तिवेतनच नाही. दारिद्र्यरेषेखालील ६० ते ७९ वयाच्या वृद्धास केंद्राचा वाटा महिना २०० रुपयांचा. अशा देशात सरकारी नोकरांच्या मुलांसाठी आणखी तरतूद मागणे न्याय्य आहे काय? सरसकट वाढ मागितली तर नाही, असेच उत्तर द्यावे लागेल. परंतु १९८२ च्या नकारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निवृत्तिवेतन ही मेहेरबानी नसून केलेल्या सेवेचा मोबदला आणि सामाजिक न्यायाचे साधन आहे, असे सांगितले. त्यातील सामाजिक न्यायाचा भाग खरा मानावयाचा, तर खर्च गरजेच्या जागी वळविला पाहिजे.

त्या दृष्टीने थोड्या खर्चाच्या तीन गोष्टी तातडीने करण्यासारख्या आहेत. एक, शैक्षणिक भत्ता निवृत्तीबरोबर न थांबविता दोन अपत्यांपुरता बारावीपर्यंत चालू ठेवावा आणि राज्यांनीही ते तत्त्व स्वीकारावे. दोन, एकीकृत योजनेच्या कुटुंबविषयक कलमात पंचविशीपर्यंतच्या आश्रित मुलांचा आणि अपंग अपत्यांचा तहहयात समावेश करावा. तीन, उच्च शिक्षणासाठी निवृत्तास निवृत्तिवेतनातून फेडता येईल असे माफक व्याजाचे अग्रिम द्यावे, म्हणजे अंशराशीकरणाचा पंधरा वर्षांचा फास त्याला गळ्यात घालून घ्यावा लागणार नाही. कामगारांच्या किमान निवृत्तिवेतनाचा विचार होईल तेव्हा आश्रित अपत्यांचा भारही त्यात धरला जावा.

यासाठी नवे खाते उघडण्याची गरज नाही. निवृत्तिवेतन प्रकरणासोबत कुटुंबाच्या तपशिलाचा नमुना भरून घेतलाच जातो आणि मुलांच्या जन्मतारखा त्यात असतात. किती निवृत्तांची मुले अजून शिकत आहेत, हे त्या कागदांवरून मोजता येईल आणि खर्चाचा अंदाज आधीच बांधता येईल. सेवाप्रवेशाचे वय वाढविताना शासनाने तरुणांची अडचण ओळखली होती. तेच तरुण आता प्रौढ झाले असून निवृत्तीकडे वाटचाल करीत आहेत. त्यांची मुले वयाने वाढतील, तशी ही अडचण दरसाल ३१ मे रोजी अधिकाधिक घरांत पोहोचेल. तोवर वाट पाहावयाची की आताच नियम दुरुस्त करावयाचे, एवढाच निर्णय शासनाने घ्यावयाचा आहे.