तडजोड झाली, पण पत्र कुठे आहे?



ऊस नोंदणीच्या निमित्ताने आमचे वावरोवावरी फिरणे असते. गोष्ट बेण्याची निघते अन् थांबते कर्जावर. मागल्या हंगामात एका सभासदाने धुऱ्यावर बसून आम्हांला सातबारा दाखविला. बँकेशी तडजोड झाली, ठरली ती रक्कम भरली, पावत्या जवळ आहेत. तरी इतर हक्कात बोजा तसाच, अन् वरून उरलेल्या व्याजाची नोटीस! "साहेब, मिटलेलं कर्ज पुन्हा कसं फुटलं?" खोडवा फुटतो तसे, असे म्हणून हसण्यावारी नेण्याची आमची छाती झाली नाही.

असाच एक दावा थेट सर्वोच्च न्यायालयात गेला होता. कास्तकार मध्य प्रदेशचा, बँक आपल्या पुण्याची, बँक ऑफ महाराष्ट्र. एकरकमी परतफेडीचा आकडा बँकेनेच 36 लाख 50 हजार ठरविला. त्याने 35 लाख भरलेही. मग बँक म्हणाली, 50 लाख 50 हजार द्या. फेब्रुवारी 2022 मध्ये उच्च न्यायालयाने कास्तकाराच्या बाजूने निकाल दिला. बँक वर गेली, अन् मे 2022 मध्ये तेथूनही हात हलवीत परतली. मोठे मासे सोडून गरीब शेतकऱ्यामागे काय लागता, असे तिलाच ऐकावे लागले.

पण लगेच कोर्टाची पायरी चढू नका. डिसेंबर 2021 मध्ये बिजनोरच्या नागरी सहकारी बँकेच्या खटल्यात याच न्यायालयाने सांगितले आहे की, तडजोड हा कर्जदाराचा हक्क नव्हे. ती द्यायची की नाही हे बँक पाहील. म्हणजे बँकेने आकडा ठरवून लेखी कळविला असेल, तरच आपला पाय भक्कम. शाखेतल्या साहेबाने चहा पिताना "भरून टाका, मिटवून देतो" म्हटले, याला काही किंमत नाही. साहेबाची बदली होते, खातेवही तिथेच राहते.

ठरवून, पैसे घेऊन मागाहून आकडा वाढविणे गैरच, असे आमचे स्पष्ट मत आहे. पण आपण मंडळीही कागदाच्या बाबतीत फार ढिली. बँक सहकारी असेल तर वसुलीचे प्रकरण कलम 101 खाली निबंधकाकडे जाते. सुनावणीची नोटीस येते, ती आपण कोनाड्यात ठेवतो. बोलायची जागा तीच असते!

दोष आमच्या कचेरीचाही आहे. वसुलीची यादी आली की ऊस बिलातून कपात होते, कोणी विचारत नाही. ज्याने तडजोडीचे पत्र व पावत्यांची नक्कल गट कार्यालयात दिली, त्याच्या नावापुढे कपातीआधी बँकेकडून लेखी खुलासा मागवावा, असे आम्ही वर सुचविले आहे.

त्या सभासदाजवळ पावत्या निघाल्या, पत्र नाही. रक्कम कोणत्या ठरावाने ठरली ते कळवावे अन् खातेउतारा द्यावा, असा अर्ज आम्हीच बसून लिहून दिला, पोच घेतली. उत्तर अजून यायचे आहे.

— ऊस विकास अधिकारी