काजूच्या बागेंत बिनखताची ओळ

श्रावण सरत आला कीं आमच्या गांवांतील बागाईतदार मंडळी भेटेल तेथें एकच प्रश्न करतात, "तात्या, यंदा काजूस काय घालतां?" या प्रश्नास आम्हीं एकदां फार लवकर उत्तर दिलें, आणि तें शेजाऱ्यांस महाग पडलें. म्हणून यंदा तोंडी उत्तर न देतां हा लेख लिहीत आहों.

नोकरींतून मोकळे झाल्यावर आम्हीं आपल्या वरकस जमिनींतील वेंगुर्ला-४ जातीच्या चाळीस कलमांस प्रथमच पुरतें खत दिलें. त्या हंगामांत बी भरघोस उतरली. आम्हांस धन्यता वाटली व जो भेटेल त्यास आम्ही तें सांगत सुटलों. दोघां शेजाऱ्यांनीं आमच्या शब्दावर खत आणलें. त्यांपैकीं एकानें तर कर्ज काढून. पुढील वर्षीं तींच झाडें, तेंच खत, आणि बी मात्र निम्मी. मोहोराच्या दिवसांत आभाळ भरून राहिलें आणि ढेकण्यानें कोवळी पालवी शोषली. तेव्हां कोठें आम्हांस आठवलें कीं, पहिल्या वर्षीं ओहोळापलीकडील रानकाजूही तसाच लगडला होता, आणि त्यास तर कोणीं चिमूटभर खत घातलें नव्हतें! तें साल चांगलें होतें. आम्हीं त्याचें श्रेय गोणीस दिलें.

ज्यानें सारी उमर महसूल खात्यांत कारकुनी केली, त्याच्या हातून ही चूक व्हावी याची आम्हांस अधिक लाज वाटते. पैसेवारीच्या कामांत नजरअंदाज किती फसवा असतो हें आम्हीं पाहिलें आहे. बांधावर उभे राहून पीक ठरविणारा मनुष्य रस्त्याकडेचें शेत पाहतो. म्हणूनच पीककापणी प्रयोगांत शेत चिठ्ठीनें निघतें, टेप लावून तुकडा आंखतात, तेवढेंच पीक कापून वजन करतात. या रीतीस शास्त्राचें अधिष्ठान देणाऱ्यांत सातारा जिल्ह्यांतील बुध गांवीं जन्मलेले डॉ. पां. वा. सुखात्मे हे अग्रगण्य होते. भातास जो न्याय आपण लावतों, तो काजूस कां लावूं नये?

आतां मात्रेविषयीं. कोंकणांतील पूर्ण वाढलेल्या झाडास दरसाल १००० ग्रॅम नत्र, २५० ग्रॅम स्फुरद व २५० ग्रॅम पालाश द्यावें, अशी दापोलीच्या कृषि विद्यापीठाची शिफारस आहे. म्हणजे युरिया २ किलोंहून अधिक, सुपर फॉस्फेट दीड किलोच्या वर व म्युरिएट ऑफ पोटॅश ४०० ग्रॅमांच्या वर. तिकडे कर्नाटकांत पुत्तूर येथें काजू संशोधनाची मध्यवर्ती संस्था आहे. तेथील शिफारस ५००, १२५ व १२५ ग्रॅमांची, म्हणजे बरोबर निम्मी! जांभी जमीन दोन्हीकडे, मुसळधार पाऊसही दोन्हीकडे. यावरून शास्त्रज्ञांस खोटें ठरविण्याचा आमचा हेतु नाहीं. एका जागेचा आंकडा दुसऱ्या डोंगरास आपोआप लागू होत नाहीं, इतकाच अर्थ आम्ही घेतों. जांभ्या जमिनींतील लोह व ॲल्युमिनियम स्फुरदास धरून ठेवतात. नत्र व पालाश पावसाबरोबर खालीं उतरतात. आणि उतारावरच्या झाडाखालीं माती हातभर कीं वीतभर, हें त्या झाडाच्या धन्यासच ठाऊक. जोराचा पाऊस ओसरल्यावर, ऑगस्टअखेर, बुंध्यापासून दीड मीटरवर चर काढून खत द्यावें, हें सांगणें तेवढें सर्वांनीं पाळावें. ज्येष्ठांत उधळलेलें खत समुद्रास पोंचतें.

आमचें म्हणणें असें कीं, संघाच्या दहा सभासदांनीं आपापल्या बागेंत तीन ओळी राखाव्या : एकीस पूर्ण मात्रा, एकीस अर्धी, आणि एकीस कांहींच नाहीं. कोणत्या ओळीस काय, हें चिठ्ठीनें ठरावें. नाहींतर आपण मायेपोटीं बिनखताची पाळी कातळावरच्या रोगट झाडांवर आणतों. मध्यें एकेक ओळ मोजणीबाहेर सोडावी, कारण काजूचीं मुळें शेजारचें खत चोरतात. झाडें एकाच जातीचीं कलमें असावींत. रोपांवरील झाडांत भावाभावांचाही मेळ नसतो. प्रत्येक झाडाची बी वाळवून एकाच कांट्यावर तोलावी, आणि हें निदान पांच वर्षें चालावें. इंग्लंडांत रॉथमस्टेड येथें १८४३ पासून गव्हाच्या शेतांत एक पट्टी बिनखताची ठेवली आहे. तिच्यावांचून बाकीच्या पट्ट्यांचें मोल कळतें ना.

कोणी म्हणेल, हें काम पगारी शास्त्रज्ञांचें; आपण उत्पन्न कां बुडवावें? आक्षेप खरा आहे. जो सभासद ओळ उपाशी ठेवील त्याच्या पदरीं ती तूट टाकूं नये. संघानें आपल्या निधींतून ती भरावी. वार्षिक सभेच्या भोजनावरील खर्च थोडा आवरला तरी पुष्कळ भागेल, असें आम्हांस वाटतें. माती व पानें यांची तपासणी मात्र संशोधन केंद्राकडूनच करवून घ्यावी, व केंद्रांतील मंडळींनीं वर्षांतून एकदां तरी उतारावर चढून यावें.

आमच्या बागेंत झाडांवर चुन्याचे आंकडे घातले आहेत. चिठ्ठ्या ज्यांनीं कर्ज काढलें होतें त्या शेजाऱ्यांच्याच हातून उचलविल्या. बिनखताची पाळी आमच्या सर्वांत चांगल्या ओळीवर आली आहे. वजनाची वहीही त्यांच्याचपाशीं राहील.