जुनी आगगाडी मोडीत काढू नका



यंदा विज्ञान प्रदर्शनाला काय न्यायचे यावर आमच्या वर्गात वाद झाला. बरेच जण म्हणाले, "ती माळ्यावरची आगगाडी टाकून द्या, नवीन काहीतरी करू." मला हे पटत नाही. का ते सांगतो.

ही गाडी त्या वेळच्या सातवीच्या मुलांनी केली. २०२२ च्या सप्टेंबरात नगर ते आष्टी रेल्वे सुरू झाली, त्याच वर्षी. म्हणून फळीवर नगर, नारायणडोह, कडा, आष्टी अशी स्टेशने आहेत. खऱ्या रुळांत १६७६ मिलीमीटर अंतर असते, आमच्या रुळांत साडेसोळा. इंजिन, डबे आणि रूळ एका माजी विद्यार्थ्याने दिलेले. बाकी सगळे पुठ्ठा, भुसा आणि खळ.

गेल्या शनिवारी आम्ही ती खाली उतरवली. उंदराने दोन वायरी कुरतडल्या होत्या. सिग्नलचे सेल आतच राहिल्याने पत्र्या गंजल्या होत्या. बटण दाबले तर गाडी हलेना. "मेली!" असे सगळे ओरडले. पण ही गाडी रुळांतून येणाऱ्या विजेवर चालते. रुळांवर धूळ आणि काळपट थर बसला की वीज चाकांपर्यंत पोचत नाही. गुरुजींनी खोडरबर काढायला सांगितले. आम्ही सगळे रूळ खोडरबराने घासले, चाके पुसली, आसाला शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब दिला. गाडी आधी अडखळली, मग थेट नारायणडोहापर्यंत गेली! बिघाड एवढाच, की तीन वर्षे तिला कोणी हात लावला नव्हता. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशींनी उभारलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय १९९८ साली खुले झाले. निगा राखली तर अशा गाड्या वर्षानुवर्षे धावतात.

नवीन करायचेच असेल तर कामही आहे. १७ सप्टेंबर २०२५ ला रेल्वे बीडला पोचली. तेव्हा आष्टीच्या पुढे एक फळी जोडून बीड करू. जिल्ह्याचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले, त्याचीही पाटी लावू. पण जुनी पाटी पुसू नये असे मला वाटते. ती पाहून गाडी कधीची ते कळते.

आता मुख्य गोष्ट. फळीच्या खालच्या बाजूला गाडी करणाऱ्यांची नावे रंगाने लिहिली आहेत. त्यांतल्या ज्या दादाने आष्टीचे स्टेशन केले, तो प्रदर्शनाच्या वेळी आईवडिलांबरोबर ऊसतोडीला गेला होता. आपली गाडी धावताना त्याने पाहिलीच नाही. यंदाही तो कोयता घेऊन गेला आहे. फळी मोडली तर त्याचे नावही चुलीत जाईल.

म्हणून माझी विनंती अशी, की प्रदर्शन झाल्यावर गाडी लगेच माळ्यावर टाकू नये. ऊसतोडीची माणसे गावात परत येईपर्यंत ती वर्गात मांडून ठेवावी. मग ठेवताना सेल काढावेत आणि वर कापड झाकावे.

पालकहो, कुणाच्या घरी जुनी वायर किंवा चांगला पुठ्ठा असेल तर मुलांबरोबर पाठवा. बीडपर्यंत अजून चार हात जायचे आहे.

— एक विद्यार्थी, इयत्ता ७ वी