'ब्रायर रोझ' : परीकथा जेव्हा साक्ष देते

परीकथांचे पुनर्कथन करणाऱ्या किशोर-कादंबऱ्यांविषयी आमच्या मनात बरेच दिवस एक अढी होती, हे आरंभीच कबूल केलेले बरे. या कादंबऱ्यांची रीत एव्हाना सर्वांच्या परिचयाची झाली आहे. गेल कार्सन लेव्हिन यांच्या 'एला एन्चान्टेड'मध्ये (१९९७) सिंड्रेलाचा आज्ञाधारकपणा हा सद्गुण नसून शाप ठरतो. मॅरिसा मायर यांच्या 'सिंडर'मध्ये (२०१२) तीच मुलगी अर्धी यंत्र, अर्धी माणूस होऊन यंत्रदुरुस्ती करते. यांतील पहिली कादंबरी तर आम्हांला मनापासून आवडते. परंतु अशा दहा कादंबऱ्या वाचल्यावर लक्षात येते की, त्यांतील बहुतेकांचा व्यवहार एकच आहे : जुनी कथा चुकली होती, आम्ही ती दुरुस्त केली. वाचकालाही आपण आजीपेक्षा शहाणे झालो, असे सुखद समाधान मिळते. पुनर्कथनाचे काम एवढेच असते काय, ही आमची शंका होती. जेन योलेन यांची 'ब्रायर रोझ' (१९९२) वाचल्यावर ती शंका रास्त होती असे वाटले, आणि तिचे उत्तरही मिळाले.

टेरी विंडलिंग यांनी संपादित केलेल्या परीकथा-मालिकेत ही कादंबरी प्रथम प्रौढ वाचकांसाठी प्रसिद्ध झाली. पुढे तिची किशोरांसाठी आवृत्ती निघाली आणि आज ती मुख्यतः त्याच वर्गात गणली जाते. कथानक थोडक्यात असे. अमेरिकेत राहणारी जेमा ही ज्यू आजी आपल्या तीन नातींना आयुष्यभर निद्रिस्त राजकन्येची एकच गोष्ट सांगत आली आहे. थोरल्या दोघी कंटाळतात. धाकटी बेका मात्र ऐकत राहते. मृत्युशय्येवरची आजी 'ती राजकन्या मीच' असे सांगते आणि तो महाल शोधण्याचे वचन बेकाकडून घेते. आजीच्या पेटीतील कागदपत्रांचा माग काढत बेका न्यूयॉर्क राज्यातील ऑस्वेगोपर्यंत पोहोचते. तेथे १९४४ साली ९८२ युरोपीय निर्वासितांना आश्रय मिळाला होता. तेथून ती पोलंडमध्ये हेल्मनो या गावी जाते.

हेल्मनो हे नाव आउश्वित्झइतके सर्वतोमुखी नाही. डिसेंबर १९४१ मध्ये नाझींनी येथे संहार आरंभला. गावातील एका जुन्या वाड्यात माणसांना आणून विवस्त्र करीत, बंद मोटारींत कोंबीत आणि मोटारीचाच धूर आत सोडून त्यांना मारीत. प्रेते जवळच्या जंगलात पुरीत. अशा रीतीने दीड लाखांहून अधिक माणसे मारली गेली. त्यांत बहुसंख्य ज्यू होते. जर्मन दफ्तरात त्या वाड्याचा उल्लेख 'श्लॉस', म्हणजे महाल, असाच येतो. योलेन यांना आपल्या कथेतील महाल कल्पनेने उभारावा लागला नाही. इतिहासाने तो त्याच नावाने बांधून ठेवला होता.

आता मूळ कथेकडे पाहू. सतराव्या शतकातील बासिलेच्या इटालियन पाठात निद्रिस्त तरुणीवर राजा बलात्कार करतो. पेरोच्या १६९७ च्या फ्रेंच पाठात त्यावर दरबारी सभ्यतेचा पडदा येतो. ग्रिमबंधूंच्या १८१२ च्या पाठात उरते ते चुंबन आणि जागा होणारा अवघा राजवाडा. पाठ बदलत गेला तशी कथा मुलांसाठी सोवळी होत गेली. पण ग्रिमांच्या कथेतही एक वाक्य असे आहे की, ज्यावरून आपण सहसा घाईने पुढे जातो. शंभर वर्षे भरण्यापूर्वी जे राजपुत्र आले, ते काट्यांत अडकून तडफडून मेले. यशस्वी राजपुत्राचा पराक्रम म्हणावा तर काहीच नाही. तो वेळेवर आला इतकेच. काट्यांत अडकलेल्यांची नावे कथा सांगत नाही. योलेन यांची कादंबरी आमच्या मते त्या वाक्यापाशी थांबते.

या कादंबरीचे खरे सामर्थ्य तिच्या रचनेत आहे. बेकाच्या शोधाच्या प्रकरणांमध्ये आजीच्या कथनाची छोटी प्रकरणे गुंफलेली आहेत. आजीच्या गोष्टीत काही 'चुका' आहेत. दुष्ट परीच्या पायांत काळे बूट आहेत आणि टोपीवर रुपेरी गरुड आहे. निद्रा येते ती धुक्याच्या रूपाने. आणि सर्वांत मोठी चूक अशी की, चुंबनाने फक्त राजकन्या जागी होते. बाकीचे कोणीही उठत नाही. घरच्यांना हे आजीचे विक्षिप्तपण वाटते. धुके म्हणजे काय आणि बाकीचे का उठत नाहीत, हे कळायला वाचकाला हेल्मनोपर्यंत जावे लागते. जेमाला आपल्या भूतकाळातील दुसरे काहीच आठवत नाही. जे घडले ते सांगायला तिच्याजवळ एवढी एक कथाच उरली आहे.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना यात एक मोलाचा धडा आहे असे आम्ही मानतो. पाठभेद म्हणजे सांगणाऱ्याची विस्मृती किंवा अज्ञान, असे समजण्याची आपली सवय असते. येथे पाठभेद हीच साक्ष आहे. योलेन परीकथा दुरुस्त करीत नाहीत; ती कोणी, कोणत्या प्रसंगानंतर सांगितली, हे विचारतात. ब्रूनो बेटलहाइम स्वतः डाखाउ आणि बुखेनवाल्डच्या छावण्यांतून सुटून आलेले. त्यांनी १९७६ च्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथात या निद्रेचा अर्थ वयात येणाऱ्या मुलामुलींची अंतर्मुख शांतता असा लावला. तो अर्थ खोटा नाही. पण काट्यांच्या कुंपणाला काटेरी तार म्हणायला मात्र एक कादंबरी यावी लागली.

आता आक्षेपाचे बोलू. ही कादंबरी आम्ही वर्गात चर्चेसाठी घेतली, तेव्हा एका विद्यार्थिनीने विचारले, "तिथून कुणी स्त्री वाचलीच नसेल, तर ही कादंबरी खोटं नाही का बोलत?" प्रश्न अचूक होता आणि त्या दिवशी आम्हांला नीट उत्तर देता आले नाही. हेल्मनोहून वाचलेले हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि ते सारे पुरुष. कादंबरीत मात्र प्रेतांच्या ढिगात धुगधुगी असलेली एक तरुणी सापडते आणि योसेफ पोटोत्स्की तिच्या तोंडात श्वास फुंकून तिला जगवतो. लेखिका अखेरच्या टिपणात स्वतःच सांगतात की, हेल्मनोहून जिवंत सुटलेली एकही स्त्री त्यांना ठाऊक नाही आणि सुखान्त ही परीकथेची गोष्ट आहे, इतिहासाची नव्हे.

आज त्या विद्यार्थिनीला आम्ही असे सांगू : ते टिपण कादंबरीचाच भाग म्हणून वाच. आधी कादंबरी आपल्याला एक चुंबन देते, मग ते परत घेते. परत घेतल्यावर जी पोकळी उरते, तीत लक्षावधी माणसे आहेत. शिवाय हा राजपुत्रही ठरीव साच्यातला नाही. योसेफ समलिंगी आहे आणि त्याच कारणास्तव तोही छावणी भोगून आला आहे. त्याचे चुंबन प्रणयाचे नाही, ते एका माणसाने दुसऱ्याला दिलेला श्वास आहे. राजकन्येवर त्याचा हक्क निर्माण होत नाही.

तरीही कादंबरी निर्दोष नाही. योसेफची कहाणी एका दीर्घ निवेदनात ओतली जाते, आणि जे तुकड्यातुकड्यांनी उलगडत होते ते एकदम सरळ, काहीसे पाठ दिल्यासारखे होते. बेका आणि तिचा सहकारी स्टॅन यांचे प्रेमप्रकरण तर आम्हांला अनावश्यक वाटते. आजीच्या कथेत जो सुखान्त नाकारला, तो नातीच्या पदरी इतक्या सहज घालणे ही किशोर-कादंबरीच्या संकेतापुढे पत्करलेली शरणागती आहे.

या पुस्तकाच्या प्रती कॅन्सस सिटीत शिक्षण मंडळाच्या पायऱ्यांवर जाळल्या गेल्याचे लेखिकेने सांगितले आहे. जाळणाऱ्यांना खुपला तो योसेफचा समलिंगीपणा. माणसे जाळणाऱ्या राजवटीविषयीचे पुस्तक आगीत टाकताना त्यांना काही वाटले नसेल काय, हे आम्ही विचारणार नाही. एवढेच म्हणू की, अशी पुस्तके किशोरांपासून दूर ठेवावीत असे म्हणणारे सभ्य गृहस्थ आपल्याही आसपास असतात, आणि त्यांचे म्हणणे मुलांच्या कोवळेपणाच्या नावाने येते. मुलांना परीकथेतील भय कधीच अपरिचित नव्हते. काट्यांत मेलेले राजपुत्र त्यांनी आपल्याआधी पाहिले होते. आपणच पुढचे वाक्य वाचण्याची घाई केली.