निवडक गाणी आणि गाळलेली नावे

गेल्या नाताळात छत्रपती संभाजीनगर येथील आमच्या धर्मग्रामातील कुटुंबांचा स्नेहमेळावा भरला होता. जेवणे आटोपल्यावर एका तरुणाने 'सुवर्णगीतां'चे एक संकलन लावले. 'अलबेला'तील 'शोला जो भडके' सुरू झाले आणि आजी-आजोबांचेही पाय ठेका धरू लागले. बोंगोच्या तालावर सुषिर वाद्यांचा मेळ रंगात आला, तेव्हा आम्ही सहज विचारले, "ही वाद्ये वाजवणारे कोण?" कोणालाच सांगता येईना. वेष्टनावर पाहिले; तेथे गायक होते, गीतकार होते, संगीतकार होते; वादकांचा उल्लेख नव्हता. एक सद्गृहस्थ म्हणाले, "गाणे गोड आहे ना? मग नावांशी काय करायचे?" त्यांच्या प्रश्नाला त्या रात्री आम्ही उत्तर दिले नाही. ते आज देत आहोत.

आमचे म्हणणे थोडक्यात असे : कोणत्याही 'सर्वोत्तम गीतां'च्या संकलनाचे मोल त्यात काय घेतले आहे एवढ्यावरून ठरवू नये, काय गाळले आहे आणि कोणाचे नाव पुसले आहे, यावरूनही ठरवावे. या कसोटीला आपल्याकडची बहुतेक संकलने उतरत नाहीत.

'अलबेला' 1951 सालचा. त्याचे संगीतकार सी. रामचंद्र म्हणजे रामचंद्र नरहर चितळकर. जन्म 1918, गोदाकाठच्या पुणतांब्याचा. चांगदेवांच्या समाधीचे हे गाव आपल्या शहरापासून फार दूर नाही. या मराठी माणसाने हिंदी चित्रपटगीतात जॅझचा वारा खेळवला, हे सर्वज्ञात आहे. पण तो वारा आणला कोणी? मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आपला वाद्यवृंद घेऊन वाजवणारे, गोव्यातील हळदोण्याचे अँटोनिओ झेवियर वाझ हे रामचंद्रांचे सहायक होते. रसिक त्यांना 'चिक चॉकलेट' या नावाने ओळखत आणि भारताचे लुई आर्मस्ट्राँग म्हणत. 'अलबेला'त तर ते आपल्या वाद्यवृंदासह पडद्यावरही दिसतात. 1967 साली त्यांचे निधन झाले. गाणी राहिली, मात्र संकलनाच्या वेष्टनावर हे नाव शोधून सापडत नाही.

येथे कोणी म्हणेल, वादक हा शेवटी सांगितलेले वाजवणारा. त्याचे वेगळे श्रेय ते काय? हा गैरसमज मुळातून दूर करायला हवा. संगीतकार पेटीवर चाल बांधी. ती चाल व्हायोलिनच्या रांगांपुढे, ट्रम्पेट-सॅक्सोफोनपुढे ठेवायची तर ती स्वरलिपीत उतरवावी लागे. कोणत्या वाद्याने कोठे उठायचे, कोठे गप्प राहायचे, दोन कडव्यांमधल्या जागी काय वाजायचे, हे ठरवावे लागे. हे काम संयोजकाचे. शंकर-जयकिशन यांच्याकडे ते सेबॅस्टियन डिसोझा यांनी वर्षानुवर्षे केले. शिवाय जॅझमध्ये मुरलेला वादक कागदावर नसलेलेही वाजवी. गायकाच्या ओळीला त्याच क्षणी सुचलेले उत्तर देई. ही विद्या आली कोठून? पोर्तुगीज अमदानीतील गोव्याच्या धर्मग्रामीय शाळांतून. तेथे देवळातील गायनासाठी मुले स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन धरायला शिकली, आणि तीच मुले पुढे पोटासाठी मुंबईला आली. म्हणजे ज्या गाण्यांवर आपण नाताळात नाचतो, त्यांतला निम्मा शृंगार देवळाच्या माळ्यावर शिकलेल्या हातांचा आहे. तो आपल्याच मेळाव्यात आपल्यालाच अनोळखी असावा, याची आम्हाला खंत वाटते.

"इतकी नावे छापायची कोठे?" हा दुसरा आक्षेप. त्याला इतिहासाने उत्तर दिलेले आहे. 1949 सालच्या 'महल'मधील 'आयेगा आनेवाला' या गीताच्या तबकडीवर गायिकेचे नाव 'कामिनी' असे होते. म्हणजे चित्रपटातील पात्राचे! गाणाऱ्या लता मंगेशकरांचे नाव त्या तबकडीवर नव्हते. पुढे गायकांची नावे छापली जाऊ लागली आणि तबकडीला जागा कमी पडली नाही. खुद्द चित्रपटांच्या श्रेयनामावलीत दत्ताराम आणि सेबॅस्टियन ही नावे सहायक म्हणून झळकलेली आहेत. पडद्यावर जे मावते, ते वेष्टनावर का मावू नये? अडचण जागेची नव्हती, इच्छेची होती. आता तर मोबाईलवरच गाणी ऐकली जातात आणि तेथे जागेचा प्रश्नच उरत नाही. नावे मात्र अजून आलेली नाहीत.

हा दोष केवळ आपलाच नव्हे. जॅझ आणि रॉक यांचा संगम साधणाऱ्या 'शिकागो' या अमेरिकन वाद्यवृंदाचे उदाहरण घ्या. 1975 साली त्यांचे अकरा गीतांचे 'सर्वोत्तम' संकलन निघाले आणि तुफान खपले. त्यांचे ट्रॉम्बोनवादक जेम्स पँकॉ यांनी 1970 च्या संचासाठी सुमारे तेरा मिनिटांची एक सलग रचना केली होती. तिच्यातील 'मेक मी स्माईल' आणि 'कलर माय वर्ल्ड' हे दोन तुकडे संकलनात आले, तेही सुटे आणि उलट्या क्रमाने. मूळ रचनेत एका भागातून दुसरा भाग उमलतो; येथे प्रवेशांची अदलाबदल केलेल्या नाटकासारखी गत झाली. जगाच्या दुःखाने अस्वस्थ झालेला एक तरुण आणि त्याची पर्वा नसलेला दुसरा, यांच्या संवादाचे 'डायलॉग' हे 1972 चे गीत तर संकलनात नाहीच. गोड ते ठेवले, बोचणारे वगळले. तरीही एक गोष्ट मान्य करू : तेथे वाजवणारेच वाद्यवृंदाचे धनी होते, त्यामुळे त्यांची नावे टिकली. आपल्याकडे रचनाही तुटली आणि नावेही गेली.

दुसऱ्यांना बोल लावताना आपण आपल्याकडेही पाहावे. फादर स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' 1616 साली छापले गेले. त्यात दहा हजारांहून अधिक ओव्या आहेत. आपल्याला पाठ असतात त्या मराठीच्या स्तुतीच्या मोजक्या. तेही एक 'सर्वोत्तम' संकलनच झाले!

या साऱ्या प्रकारातला सर्वांत मोठा विरोधाभास माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांच्या वाट्याला आला. ते व्हायोलिनवादक, संयोजक आणि प्यारेलाल यांचे गुरू. 1958 साली त्यांनी मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात भारतीय रागांवर आधारित सिंफनीचा प्रयोग केला. त्यात लता मंगेशकर आणि मन्ना डे गायले. 1977 च्या 'अमर अकबर अँथनी'त शिष्याने गुरूचे नाव गाण्यात गुंफले आणि ते देशभर पोहोचले. आज कितीतरी संकलनांत ते गाणे आहे. लोकांना वाटते, ते एका विनोदी पात्राचे नाव! 2012 साली ते गेले.

संकलने नकोत, असे आम्ही म्हणत नाही. त्यांच्यामुळेच जुने गाणे नव्या घरात शिरते, हे खरे आहे. पण संकलन हा उंबरठा आहे. त्यालाच घर समजू नये. म्हणून आमची विनंती दोनच गोष्टींची. एखादे गीत आवडले तर त्याचा मूळ चित्रपट, मूळ संच एकदा तरी पूर्ण ऐकावा. आणि आपल्या मेळाव्यांत, आपल्या गायकवृंदांच्या कार्यक्रमांत निवेदकाने गायकांबरोबर पेटी, व्हायोलिन, तबला वाजवणाऱ्यांचीही नावे घ्यावीत. नोव्हेंबरात आपण मृतांची नावे कागदावर लिहून वेदीपाशी ठेवतो, कारण नाव घेतल्याखेरीज स्मरण पुरे होत नाही, अशी आपली श्रद्धा आहे. वाजवणाऱ्यांचे नाव तर त्यांच्या हयातीतच घेता येईल. येत्या नाताळात ते तबकडीच्या वेष्टनावर नसेल, तर आपण स्वतःच्या हाताने लिहावे.