उपदेशक वगळून टॉलस्टॉय?

फेब्रुवारी १९०१ मध्ये रशियन ऑर्थोडॉक्स चर्चच्या धर्मपीठाने लिओ टॉलस्टॉय यांना आपले मानण्यास जाहीर नकार दिला. त्या घोषणापत्रातही त्यांची लेखनप्रतिभा ईश्वरदत्त असल्याचे मान्य केले होते. आक्षेप होता तो तिच्या उपयोगाला. १९०८ मध्ये लेनिनने त्यांच्यावर लेख लिहिला. कादंबरीकार म्हणून मुक्तकंठाने गौरव, आणि त्याच लेखात ख्रिस्ताच्या नादी लागलेला जमीनदार अशी संभावना. पुढे अमेरिकेत रशियन साहित्य शिकविणाऱ्या व्लादिमीर नाबोकोव्ह यांना वाटले, की या म्हाताऱ्याला नीतिबोधापासून दूर एखाद्या निर्जन बेटावर शाई आणि कागद देऊन कोंडून ठेवावे. चर्च, बोल्शेविक आणि कलावादी! एरवी या तिघांचे कशावरही एकमत झाले नसते. टॉलस्टॉयच्या बाबतीत मात्र निवाडा एकच : कलावंत ठेवा, उपदेशक फेका.

हा निवाडा इतका रूढ झाला आहे, की पाठ्यपुस्तकांतूनही तो सिद्ध सत्याप्रमाणे वावरतो. १८८० च्या सुमारास टॉलस्टॉय 'बदलले', आधीचा तो महान कादंबरीकार आणि नंतरचा तो हेकट साधू, असे सांगितले जाते. या मांडणीला एकच अडचण आहे. ती खरी नाही.

१८५९ साली, म्हणजे 'युद्ध आणि शांती' लिहिण्याच्याही आधी, टॉलस्टॉय यांची 'तीन मरणे' ही कथा प्रसिद्ध झाली. क्षयाने मरणारी एक श्रीमंत बाई स्वतःशी आणि घरच्यांशी खोटे बोलत मरते. एक गाडीवान शेकोटीजवळच्या जागेवरच, कसलाही गाजावाजा न करता जातो. तिसरे मरण एका झाडाचे. कोणी कसे मरावे हा प्रश्न कोणी कसे जगावे या प्रश्नापासून वेगळा काढता येत नाही, हे तिशीतल्या या माजी लष्करी अधिकाऱ्याला तेव्हाच कळले होते. त्याने १८५७ मध्ये पॅरिसला गिलोटिनखाली मान तुटताना पाहिली होती. १८६० मध्ये थोरला भाऊ निकोलाय त्याच्या डोळ्यांदेखत गेला. 'अॅना कॅरेनिना'च्या शेकडो प्रकरणांपैकी फक्त एकाला शीर्षक आहे, आणि ते आहे 'मृत्यू'. 'बदललेला' टॉलस्टॉय नेमका कोठे सुरू होतो, हे आता समीक्षकांनीच सांगावे.

१८६९ च्या सप्टेंबरात जमीन खरेदीसाठी निघालेले टॉलस्टॉय अर्झामास या गावी एका खोलीत मुक्कामाला होते. प्रकृती उत्तम, घर मुलाबाळांनी भरलेले, 'युद्ध आणि शांती' पूर्णत्वास गेलेली. त्या रात्री अकारण, अनावर असे मृत्युभय त्यांच्यावर कोसळले. कीर्ती, जमीन, संसार यांपैकी काहीच त्या भयापुढे टिकले नाही. दहा वर्षांनी त्यांनी 'कबुलीजबाब' लिहावयास घेतला तो याच भयाचा जाब देण्यासाठी. रशियन सेन्सॉरने तो छापू दिला नाही. १८८४ मध्ये तो जिनिव्हात प्रसिद्ध झाला.

या पुस्तकातील एक दाखला भारतीय वाचकाला ओळखीचा वाटेल. हिंस्र पशूच्या भीतीने प्रवासी कोरड्या विहिरीत उतरतो. तळाशी अजगरासारखा राक्षस आ वासून आहे. प्रवासी एका झुडपाला लोंबकळतो, तर काळा आणि पांढरा असे दोन उंदीर त्याचे खोड कुरतडत आहेत. इतक्यात पानांवर मधाचे थेंब दिसतात आणि तो ते चाटू लागतो. टॉलस्टॉय हिला केवळ पूर्वेकडील जुनी गोष्ट म्हणतात. ती महाभारताच्या स्त्रीपर्वातील आहे. पुत्रशोकाने खचलेल्या धृतराष्ट्राला विदुराने सांगितलेली. तेथे विहिरीच्या तोंडाशी सहा मुखांचा, बारा पायांचा हत्ती आहे, म्हणजे सहा ऋतू आणि बारा महिन्यांचे वर्ष. उंदीर म्हणजे रात्र आणि दिवस, तळाचा सर्प म्हणजे काळ. अरबी, जॉर्जियन, ग्रीक अशी वळणे घेत ही कथा बर्लाम आणि जोसाफत यांच्या आख्यानातून ख्रिस्ती जगात पोहोचली, आणि त्यातील जोसाफत म्हणजे मुळात आपला बोधिसत्त्वच! यात फुशारकी मारण्यासारखे काही नाही. गोष्ट आपली असली, तरी तिचा दंश त्या रशियन माणसाला झाला.

विदुराच्या कथेत मध म्हणजे कामना. टॉलस्टॉय आपल्या मधाचे दोन थेंब नावानिशी सांगतात : कुटुंबावरील प्रेम आणि लेखन, ज्याला आपण कला म्हणत होतो ते. हे दोन्ही आता गोड लागत नाहीत, अशी त्यांची कबुली आहे. म्हणजे कलेला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणारा कोणी बाहेरचा धर्मोपदेशक नव्हता. मृत्यूपुढे आपली कला काय कामाची, हा प्रश्न त्या कलावंतानेच स्वतःला विचारला.

त्याचे उत्तर १८८६ च्या 'इव्हान इलिचचा मृत्यू' या लघुकादंबरीत आहे. इव्हान इलिच न्यायखात्यातील अधिकारी. वाईट माणूस मुळीच नव्हे. बढती मिळालेली, नवे घर सजविण्याची हौस. पडदे कसे लावायचे हे कारागिराला दाखविताना शिडीवरून पाय घसरतो, कुशीला मार बसतो, आणि तेथून मरणाची सुरुवात होते. (नव्या सदनिकेच्या पडद्यांचा रंग ठरविण्यात ज्यांचे रविवार गेले आहेत, त्यांनी हे पान जपून वाचावे.) त्याच्या निधनाची वार्ता कळताच सहकाऱ्यांच्या मनात पहिला विचार येतो तो रिकाम्या झालेल्या जागेचा. त्याला खरी यातना होते ती दुखण्यापेक्षा खोटेपणाची. तो मरतो आहे हे सर्वांना ठाऊक असते आणि कोणी बोलत नाही. बोलतो तो गेरासिम, घरातला खेडवळ नोकर. धन्याचे पाय आपल्या खांद्यांवर घेऊन तो रात्र रात्र बसतो आणि सरळ सांगतो, की आपण सगळेच मरणार, मग एवढे कष्ट घ्यायला काय हरकत आहे! यातून 'उपदेश' काढून दाखवा. गेरासिमचे खांदे काढले, तर कथा कोसळते.

'कला म्हणजे काय?' हा १८९७-९८ मधील ग्रंथ कलावाद्यांना सर्वाधिक खुपला. साने गुरुजींनी तो मराठीत आणला. 'कलेसाठी कला की जीवनासाठी कला' या फडके-खांडेकर वादाने तापलेल्या महाराष्ट्रात तरी त्याचे मर्म ध्यानात यावयास हवे होते. ग्रंथ तत्त्वज्ञानाने सुरू होत नाही, ऑपेराच्या तालमीने होतो. रंगमंचावर कोणी 'भारतीय राजा' लग्नाच्या भानगडीत आहे, असले भारतीय कधी कोठे झालेच नाहीत असे टॉलस्टॉय बजावतात, आणि दिग्दर्शक दमलेल्या गायक-नर्तकांना गाढवे म्हणून शिव्या घालतो आहे. हे सारे कोणाच्या श्रमावर आणि कोणासाठी, हा त्यांचा प्रश्न. कला म्हणजे एकाने अनुभवलेली भावना दुसऱ्याला लागण व्हावी तशी पोहोचविणे. ती माणसांना जोडते की तोडते, ही तिची कसोटी. या कसोटीवर त्यांनी बीथोव्हेनची नववी सिम्फनी नापास केली, पुढे शेक्सपिअरलाही सोडले नाही. येथे ते चुकले, हे स्पष्ट म्हणावयास हवे. परंतु त्याच कसोटीवर त्यांनी आपल्या दोन छोट्या कथा वगळता स्वतःचे सारे ललित लेखन वाईट कलेत टाकले. निकाल चुकला असेल. न्यायाधीशाने स्वतःला सूट दिली नाही.

यावर एक हुकमी पान फेकले जाते : 'हाजी मुराद'. १८९६ ते १९०४ या काळात, कला नाकारीत असतानाच, लाजत-संकोचत त्यांनी ही अप्रतिम कादंबरी लिहिली. म्हणजे आतला कलावंत उपदेशकाला पुरून उरला! पण तीत आहे काय? रशियन सैनिकांनी जाळलेले कॉकेशसमधले खेडे आणि संगिनीने मारलेला मुलगा, आत्मतुष्ट झार निकोलस पहिला, आणि शेवटी नायकाचे तुकडे करणारे मरण. हे जर नीतिनिरपेक्ष असेल, तर नीती या शब्दाचा अर्थच बदलावा लागेल. खुद्द नाबोकोव्ह यांनीही उपदेशकाला कलावंतापासून वेगळे काढणे अवघड असल्याचे मान्य केले होते. आवाज एकच आहे, हे त्यांच्या कानाने ओळखले होते.

लेनिनच्या वारसांनी मात्र ती फाळणी अंमलात आणली. टॉलस्टॉय यांचे अखेरचे सचिव व्हॅलेंतिन बुल्गाकोव्ह यांना १९२३ मध्ये देशाबाहेर घालविण्यात आले. १९२८ मध्ये समग्र वाङ्मयाचे नव्वद खंड निघू लागले, कादंबऱ्यांच्या लक्षावधी प्रती खपल्या. मॉस्कोजवळ टॉलस्टॉयच्या शिकवणुकीप्रमाणे शेती करणारी 'जीवन आणि श्रम' ही वसाहत १९३१ मध्ये सैबेरियात हलविली गेली. १९३६ पासून तिचे सदस्य पकडले जाऊ लागले आणि १९३९ मध्ये ती संपली. नव्वदावा खंड १९५८ मध्ये बाहेर पडला.