पिन ठोकायची नसते

कर्जत, नेरळ, खोपोली या पट्ट्यात चार महिने पाऊस कोसळतो आणि भिंतीवर टांगलेल्या गिटारचं लाकूड ओल पिऊन फुगतं. पाऊस ओसरल्यावर मुलं गिटार काढतात, तर तार तुटलेली आणि पिन भोकात घट्ट रुतलेली. मग कुणीतरी पक्कड आणतं, कुणी हातोडी.

संगीताविषयी आपल्या घराघरांत मतं वेगळी आहेत. तो विषय या सदराचा नाही. पण घरात पैसे मोजून आणलेली वस्तू हयगयीने वाया घालवणं हा इस्राफ आहे, यावर दुमत नसावं.

मिरजेच्या शिकलगार घराण्यांनी हत्यारांना धार लावण्याचं काम सोडून एकोणिसाव्या शतकात सतार-तानपुरे घडवायला घेतले. 2024 मध्ये या वाद्यांना भौगोलिक मानांकन मिळालं. त्यांच्या सतारीत तार भोपळ्याच्या तळाशी अडकवतात. घोडी तिचा फक्त दाब सोसते. पोलादी तारांच्या गिटारचं तसं नाही. तिचा ब्रिज बहुधा नुसता चिकटवलेला असतो आणि सहा तारांची मिळून सुमारे 70 किलोंची ओढ त्याच्यावर येते.

ही ओढ पिन अडवते, असं अनेकांना वाटतं. खरं तर तारेच्या टोकाचा मणी ब्रिजखालच्या लाकडी पट्टीला आतून अडकतो. पिन त्याला जागेवरून सरकू देत नाही, एवढंच तिचं काम.

म्हणून आधी तार पूर्ण सैल करा. ती भोकात थोडी आत ढकला, म्हणजे मणी सुटतो आणि पिन बोटांनी निघते. न निघाल्यास मधल्या गोल भोकातून हात घालून खालून हळूच रेटा. ब्रिजवर पक्कड टेकवून पिन उचकटू नका.

नवी पिन आणताना जुनी सोबत न्या. पिनांची जाडी आणि निमुळतेपणा सारखा नसतो. मुंबईला लोकलने जाणारं कुणी असेल, तर धोबी तलावच्या वाद्यांच्या दुकानांत विचारता येईल. पिन बोटाच्या दाबाने जवळजवळ डोक्यापर्यंत बसली पाहिजे. जाड वाटली, तर बारीक पॉलिशपेपरने पिन घासा, भोक नाही. सैल वाटली, तर कागद गुंडाळू नका. जाड पिन आणा.

तारेचं टोक मण्याजवळ किंचित वाकवा आणि मणी भोकात सोडा. पिनेची खाच गिटारच्या मानेकडे ठेवून ती हलकेच बसवा. मग एका हाताचा अंगठा पिनेवर ठेवून दुसऱ्या हाताने तार वर ओढा. मणी पट्टीला टेकला की तार थांबते. आता सुरात लावा. पिन वर येऊ लागली, तर मणी तिच्या टोकावर अडकला आहे; तार सैल करून पुन्हा बसवा. ठोकलीत तर मणी हळूहळू पट्टी कुरतडतो आणि गिटारचं पोटच फाटायला लागतं.

शेवटी ब्रिजच्या मागच्या कडेखाली वहीचा कागद सरकवून पाहा. कागद आत गेला, तर ब्रिज सुटू लागला आहे. सगळ्या तारा सैल करा आणि गिटार कारागिराकडे न्या. तिथे घरचा गोंद भरला, तर त्याला आधी तोच खरवडत बसावं लागतं.